पागोळी की चोरून ऐकणं? माझा एक पावसाळा यातच गेला

आजोबांच्या घराच्या जुन्या इंग्रजी दस्तात ‘राइट ऑफ ईव्ह्जड्रॉप’ लिहिलंय आणि शब्दकोश ‘चोरून ऐकणे’ सांगतोय, मग मराठीत काय लिहू, हा तुमचा प्रश्न वाचला आणि हसूही आलं, पोटात गोळाही आला. मीही नेमकं इथंच शेण खाल्लं होतं.

तुमच्या दस्तात आहे ती आपली पागोळी. ‘ईव्ह्ज’ म्हणजे वळचण आणि ‘ड्रॉप’ म्हणजे तिथून गळणारं पाणी, शिवाय ते पडतं ती जमिनीची पट्टीसुद्धा. इ.स. ८६८ च्या, इंग्लंडातल्या केंटमधल्या एका सनदेत या शब्दाचं जुनं रूप आहे, आणि भानगड तुमच्या दस्तासारखीच, पाण्याची: पागोळीचा त्रास शेजाऱ्याला नको म्हणून हद्दीपासून २ फूट सोडून बांधा. ऐकणं नंतर आलं. त्या पट्टीत भिंतीला चिकटून आतलं बोलणं ऐकणारा तो ‘ईव्ह्जड्रॉपर’, आणि क्रियापद त्याच्याही मागून. इंग्लंडात तो गुन्हा होता. अठराव्या शतकातल्या ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताने सार्वजनिक उपद्रवांत मोजलाय, रद्द झाला थेट १९६७ साली. आषाढात आमच्या कौलांखाली उभं राहून कुणी ऐकून दाखवावं, पागोळ्यांपुढे स्वतःची शिंक ऐकू येत नाही!

मी काय केलं? पैसे वाचवायला आमच्या घराच्या अशाच दस्ताचं भाषांतर स्वतःच केलं आणि लिहिलं, ‘पश्चिमेकडील भिंतीस चोरून ऐकण्याचा हक्क’. खाली सहीसुद्धा ठोकली. कचेरीतल्या बाईंनी ते मोठ्याने वाचलं, चार टेबलं हसली. हसा हो, पण चूक दुरुस्त करून घ्याल की नाही? नाही. नवीन प्रतिज्ञापत्र आणा, मग जाणकाराचा दाखला आणा, मग साहेब रजेवर. तेवढ्यात शेजाऱ्याने चिऱ्याचा गडगा आमच्या वळचणीखाली आणून ठेवला. पाणी उलटं आमच्याच मातीच्या भिंतीत मुरलं आणि माजघराला जी ओल धरली ती अजून आहे.

मी वकील नाही, तुमचा दस्तही पाहिलेला नाही. तरी सरळ ‘पागोळीचे पाणी पाडण्याचा हक्क’ असं लिहा आणि भाषांतर कोर्टकामातल्या माणसाकडून तपासून घ्या. आजूबाजूला पाणी, छप्पर, हद्द असले शब्द असतील तर शंकाच नको.

दुसरा अर्थ मराठीत हवा असेल तर माझ्या मते ‘चोरून ऐकणे’ पुरेसं आहे. ‘कानोसा घेणे’ नको, कानोसा रात्री कुत्रं भुंकलं तरी घेतात, त्यात चोरी कसली? आणि ‘कर्णचौर्य’ वगैरे कुणी सुचवलं तर ऐकूच नका.

जाता जाता, पन्हळ बसवायची घाई करू नका. आधी पागोळीने जमिनीवर पाडलेली खळग्यांची रेघ टेप लावून फोटोत घ्या. पन्हळ लागली की ती बुजते, आणि मग तुमचं पाणी कुठं पडत होतं हे शेजारी सांगायला लागतो.