'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून गोष्ट रंगवण्याच्या खेळात शहराच्या पहारेकऱ्यांची कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी कथा, चालवायची आहे. खेळाडूंना ती कंटाळवाणी वाटू नये, यासाठी काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे चारही खेळाडू आजवर गुहा आणि ड्रॅगन यांतच रमलेले आहेत, आणि पहारेकऱ्यांवर कायद्याची बंधने घातली तर ते कंटाळतील अशी तुम्हाला भीती वाटते. माझे मत नेमके उलट आहे. बंधने काढून टाकली की ही कॅम्पेन कंटाळवाणी होते, कारण मग एकसारखा गणवेश घातलेले चार लुटारू तेवढे उरतात. हे मी इतक्या ठामपणे लिहितो आहे, याचे कारण याच मुद्द्यावर माझा मावसभाऊ आमच्या टेबलावरून उठून गेला आणि तो वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. दर रविवारी दुपारी आमच्याकडे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी खेळ चालत असे. कथा चालवणारा मी असल्याने शहर मलाच रचायचे होते, आणि त्यासाठी फार लांब जावे लागले नाही. आमचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार असतो आणि रात्री पेढ्या बंद झाल्या की त्याच ओट्यांपुढे खाण्याची दुकाने मांडली जातात. भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, आणि मध्यरात्र उलटली तरी न हटणारी गर्दी. या रात्रीच्या वर्दळीमुळेच पेढ्या सुरक्षित राहतात, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगतात. पहाऱ्याच्या कथेसाठी याहून चांगली जागा मला सुचली नसती, कारण एकाच ओट्यावर दिवसा एकाचा आणि रात्री दुसऱ्याचा हक्क असतो, आणि त्या दोघांनाही एकमेकांविषयी चौकीला ठाऊक नसलेले बरेच काही ठाऊक असते.

सहाव्या सेशनमध्ये एका सोनाराचा खून झाला. पहारेकरी धागा पकडत छपरावर पोहोचले, तेव्हा तिथे कढईवाल्याकडे काम करणारा एक पोऱ्या सोनाराचा तराजू छातीशी धरून बसलेला होता. त्यांना पाहताच त्याने तराजू खाली ठेवला आणि दोन्ही हात वर केले. माझा भाऊ फायटर, म्हणजे लढवय्याचे पात्र, खेळत होता. तो म्हणाला, "मी वार करतो." फासा पडला आणि वार लागला. साध्या नागरिकाला नियमांप्रमाणे ४ हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, असतात, आणि भावाच्या तलवारीचा वार आठ बाजूंच्या फाशावर अधिक ३ असा असल्याने कमीत कमी ४ जाणारच होते. जवळच्या हत्याराने शून्यावर आणलेल्याला मारायचे की नुसते बेशुद्ध करायचे, हे वार करणाराच ठरवतो, म्हणून मी त्याला मुद्दाम विचारले. तो म्हणाला, "मारतो. पुढे चला."

मी पुढे गेलो नाही. पुढच्या रविवारी कोतवालाने चौघांनाही चौकशीला बोलावले आणि त्यांच्याच क्लेरिकला, म्हणजे माझ्या बायकोच्या मंत्र टाकणाऱ्या पुजारी पात्राला, 'झोन ऑफ ट्रुथ' हा मंत्र टाकण्याचा हुकूम दिला. तिसऱ्या लेव्हलला (पात्राच्या प्रगतीच्या तिसऱ्या पायरीला) क्लेरिकच्या हाती येणारा हा मंत्र १५ फूट त्रिज्येच्या वर्तुळात दहा मिनिटे टिकतो. ज्याचा सेव्ह, म्हणजे मंत्रातून सुटण्यासाठी टाकलेला फासा, फसतो त्याला वर्तुळात जाणूनबुजून खोटे बोलता येत नाही, आणि तो फसला की नाही हे मंत्र टाकणाऱ्याला समजते. आमच्या चौकटींच्या कागदावर पाच फुटांना एक इंच धरून ते वर्तुळ सहा इंच व्यासाचे होत होते, म्हणून बायकोने शेवेच्या डब्याचे झाकण ठेवून पेन्सिलीने ते आखले आणि चारही मोहरे एकेक करून आत सरकवले. तिने विचारले, "त्याचे हात वर होते का?" खोटे बोलता येत नसले तरी गप्प बसता येते, किंवा प्रश्नाला बगल देता येते. पहिला पहारेकरी म्हणाला की अंधार फार होता. दुसऱ्याने सांगितले की मी तराजूकडे पाहत होतो. भाऊ बराच वेळ झाकणाच्या त्या रेघेकडे पाहत राहिला आणि मग पात्र सोडून माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, हा खेळ आहे की कचेरी?"

त्या साडेतीन तासांत एकाही पात्राने तलवार उपसली नाही, आणि तरीही मी चालवलेल्या सर्व सेशन्समध्ये ते सर्वांत चांगले होते असे मी आजही मानतो. भाऊ मात्र त्यानंतर खेळायला आला नाही. त्याचे म्हणणे असे की काल्पनिक शहरात मेलेल्याचा हिशेब कोणी मागत नाही, आणि मी त्याला नियमांच्या आडून शिक्षा केली. यावर माझे उत्तर तेव्हाही तेच होते आणि आताही तेच आहे. १७९१ साली पुण्यात कोतवाल घाशीरामाच्या कोठडीत कोंडलेली माणसे गुदमरून मेली, तेव्हा संतापलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. कोतवालाच्या हाती शहर असते आणि शहर त्याचा हिशेब ठेवते. हा ताण नको असेल तर पहारेकऱ्यांची कॅम्पेन कशासाठी निवडायची?

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. शत्रू हरवल्याचे एक्सपी (अनुभवाचे गुण) बंद करा आणि प्रकरणाचा छडा लागला की लेव्हल वाढवा, म्हणजे प्रत्येक भांडण तलवारीने सोडवण्याचे कारणच उरत नाही. खेळाडूंना ज्या निष्कर्षापर्यंत न्यायचे आहे, त्यासाठी किमान तीन वेगवेगळे धागे पेरा, कारण दोन ते हमखास चुकवतात. पहिल्या सेशनला खून देऊ नका. खोटी वजने आणि ओट्याच्या हक्कावरून झालेली मारामारी एवढे पुरते. पेशवाईतला कोतवाल बाजारभाव आणि शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदही पाहत असे, हे ध्यानात ठेवलेत तर कामांची ददात पडणार नाही. पाचव्या लेव्हलला क्लेरिकला 'स्पीक विथ डेड' मिळतो आणि प्रेत पाच प्रश्नांची उत्तरे देऊ लागते. त्यावर बंदी घालू नका, तो खेळाडूंचा हक्क आहे. प्रेताला जिवंतपणी जे ठाऊक होते तेवढेच ते सांगू शकते, म्हणून खुनी पाठीमागून आलेला असू द्या.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच करा, जी मी केली नव्हती. पहिला फासा टाकण्यापूर्वी सर्वांना स्पष्ट सांगा की इथे शरण आलेल्याला मारले तर त्याची चौकशी होईल. माझ्या भावाला हे ठाऊक नव्हते, आणि त्याच्या रागातला तेवढा भाग रास्त होता हे मला मान्य आहे. शिवाय ज्यांना आठवडाभराच्या नोकरीनंतर नुसती मारधाड हवी असते, त्यांच्यासाठी ही कॅम्पेन नाही. त्यांना आग्रह करू नका.

उठून जाताना भाऊ असेही म्हणाला होता की कागदावरच्या पोराला आई नसते. हे त्याने मला शिकवले असे मी म्हणेन, कारण मी त्या पोऱ्याला नावसुद्धा दिलेले नव्हते आणि थेट कोतवालाची चौकशी लावली होती. तुमच्या टेबलावर असे काही घडले, तर कोतवालाला थोडे थांबवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाची आई चौकीवर आणा. तिच्या हातात त्याचा जेवणाचा डबा असू द्या, कारण रात्री तो घरी आलेला नाही एवढेच तिला ठाऊक असेल, आणि ज्याने वार केला त्याच पहारेकऱ्याला तिने विचारावे की माझा मुलगा इथे आणला आहे का.