ऑनलाईन कोर्स डोक्यात का शिरत नाही?

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दिंडोरीहून नाशिकला रोज एसटीने जाऊन-येऊन करतो. यंदा एक विषय कॉलेजने एनपीटीईएल या ऑनलाईन कोर्सच्या पोर्टलवरून करायला सांगितलाय, आधी खूश झालो की तेवढाच एक विषय घरबसल्या होईल. पण व्हिडिओ दुप्पट स्पीडने बघतो, असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवर येतात ती टिक करतो, मार्क मस्त पडतात आणि डोक्यात काहीच राहत नाही. मित्र म्हणतात ऑनलाईन म्हणजे टाइमपासच असतो, सर्टिफिकेटशी मतलब. माझंच चुकतंय का?

उत्तर : अरे, तुला निदान टोचतंय तरी. 2020 मध्ये मी ऑनलाईन शिकवायचे तेव्हा एकदा माइक बंद ठेवून वीस मिनिटं बडबडले, हजेरीत साठेक पोरं, स्क्रीनवर नुसती नावांची पहिली अक्षरं, आणि कोणी हूं की चूं नाही. शेवटी एकाने टाईप केलं, मॅडम आवाज येत नाहीये. नंतर कळलं तो पोरगा रेंज मिळावी म्हणून शेततळ्याच्या बांधावर उभा राहून लेक्चर करायचा, बाकीचे पांघरुणात!

तेव्हापासून पोरं 'ऑनलाईन आवडत नाही' म्हणाली की मला पूर्ण पटत नाही. वर्गात तुझं तोंड बघून सरांना कळतं की गाडी अडकलीये, व्हिडिओला कुठून कळणार, तो आपला पुढे जातो. आपल्या नाशिकजवळच्या गोवर्धनच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात 1989 पासून नोकरी-घर सांभाळून माणसं लांबूनच शिकतायत की, पण ती स्वतःहून आलेली असतात आणि तुला हा कोर्स लावून दिलाय, हा फरक आहेच.

आता कामाचं. एनपीटीईएल आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेचं आहे, व्हिडिओ फुकट, पण सर्टिफिकेटची परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते, तिथे तुमचा ग्रुप नसतो. असाइनमेंटला 25 मार्क आणि परीक्षेला 75, त्यात 75 पैकी 30 पाहिजेतच, नाहीतर असाइनमेंटला पैकीच्या पैकी असले तरी सर्टिफिकेट नाही. मित्रांना हे एवढं वाचून दाखव.

दोघं-तिघं मिळून कॉलेजच्या लॅबमध्ये बसा, साध्या स्पीडला लावा, गणित आलं की व्हिडिओ थांबवून आधी वहीत सोडवा, मग सरांचं बघा. एका व्हिडिओला तास जाईल, जाऊ दे. अडलं तर कोर्सच्या फोरमवर विचार, तिथे उत्तर द्यायला माणसं असतात पण पोरं विचारतच नाहीत, इंग्रजी चुकेल म्हणून लाजतात बहुतेक. काही कोर्सची लेक्चरं मराठीत लिहिलेलीसुद्धा मिळतात, तुझ्या कोर्सची आहेत का बघ.

आणि हो, परीक्षेचा फॉर्म भरताना शहर नीट निवड, शेवटच्या दिवशी घाईत भलतंच टाकून बसू नकोस.