संकटात देव खरंच लक्ष ठेवून असतो का? नवस बोलावा का?

घरात एकामागून एक दुखणी, वर कर्ज. अशा वेळी देवाचं आपल्याकडे लक्ष असतं असं मानायला काही आधार आहे का आणि नवस बोलावा का, असं तुम्ही विचारलंय. मी मंगळवेढ्याचा, तेव्हा उत्तरही गावाकडूनच देतो.

बहामनी काळात दामाजीपंत आमच्याकडे बिदरच्या सुलतानाचे अंमलदार होते. दुष्काळात माणसं मरू लागली तेव्हा त्यांनी कुणाला न विचारता सरकारी कोठारं खुली केली. सुलतानानं पकडायला शिपाई धाडले. पुढचं सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे: विठोबा महाराच्या वेशात बिदरला गेला, धान्याचे पैसे भरले आणि रीतसर पावती घेतली. (कथा आहे, दाखला मागू नका.) मला तिच्यातला क्रम आवडतो. पाऊस काही पडला नाही. कोठार आधी माणसानं उघडलं, जिवावर उदार होऊन. देव मागनं आला, उधारी फेडायला.

पण याच मंगळवेढ्यात 1338 साली गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा मजुरांसोबत गाडले गेले. पंढरपूर इथून पंचवीसेक किलोमीटर. विठोबा धावला नाही. नामदेव आले, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून वेचली आणि पंढरपुरी महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी ज्याला देवळात घेतलं नाही, त्याची समाधी त्याच देवळाच्या दारात! "देव सगळ्यांचं बघतो" असं कुणी सहज म्हणालं की मला ती भिंत आठवते. तुकोबांची पहिली बायकोही दुष्काळात अन्न अन्न करत गेली. तेव्हा देव मानला की घरावरचं टळतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आमची आज्जी 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. ज्वारीचं कोठार म्हणवणारा तालुका, पण त्या साली घरात लाल मिलो (बाहेरून आणलेली हलकी ज्वारी) आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे खायचं तयार पीठ. "पांडुरंगानं उपाशी ठिवलं न्हाई," म्हणायची. कॉलेजात गेल्यावर मी शहाणपणा केला: सुकडी सरकारनं दिली, आज्जी. तिनं तांदळातला खडा वेचून बाजूला टाकला आणि मान वर न करता विचारलं, "आन् सरकारला कुणी सुचिवलं रं?"

मी तिच्याएवढा भाविक नाही, पण माझं मत तिच्याकडेच झुकतं. आमचा विठोबा कथांमध्ये येतो तो गड्यासारखा राबायला: जनाबाईचं दळण दळतो, एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरतो, सेना न्हाव्याच्या बदली राजाची हजामत करतो. तुमच्या घरी सध्या कुणी डबा पोचवतंय, दवाखान्यात रात्री उशाशी बसतंय, हप्त्यापुरते उसने देतंय? त्यांना नको म्हणू नका. आणि कुणीच येत नसेल तर लाज सोडून चार घरी सांगा. कर्जाचं तर आजच सांगा, ते झाकून वाढतं.

नवसाचं म्हणाल तर आम्ही वारकरी त्या वाटेला जात नाही. नवसानं पोरं होत असती तर नवरा कशाला लागला असता, असं तुकोबांनीच विचारून ठेवलंय. भांडायला मात्र पूर्ण मुभा आहे. जनाबाईनं त्याला "विठ्या" म्हणून शिव्या घातल्यात आणि तो अभंग आम्ही टाळ-मृदंगावर म्हणतो.