लहानपणी क्रुप झालेला, आता पोराला तालमीत घालू का?

हा प्रश्न माझ्याकडं येणाऱ्या आया सारख्या विचारतात, शब्द थोडे इकडंतिकडं. लहानपणी क्रुप, म्हणजे स्वरयंत्राजवळ सूज येऊन भुंकल्यासारखा खोकला येणारा आजार, झालेला, मग छाती कायमची कमजोर राहणार का, पुढं दमा होणार का. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मंगळवार पेठेतलं घर. पोरगं ८ वर्षांचं, आजोबा जुने पैलवान, त्यांना नातू लाल मातीत हवा आणि आईचा ठाम नकार. पळायचं नाही, पोहायचं नाही, रंकाळ्यावर वारं सुटलं की कानटोपी. कारण पोरगं दीड वर्षाचं असताना मध्यरात्री अचानक कुत्रं भुंकल्यासारखा खोकला सुरू झाला, आवाज बसला, श्वास आत घेताना घर्र घर्र, तसंच उचलून दवाखान्यात पळाले. स्टेरॉइडचा एक डोस दिला, नेब्युलायझर लावला, सकाळपर्यंत उतार. परत कधी झालं नाही, बालरोगतज्ज्ञ म्हणतात छाती क्लिअर आहे, तरी ही बाई अजून रात्री उठून त्याच्या छातीला कान लावते.

मी म्हटलं, दम्याचं राहू दे, त्या रात्रीचं सांगा. सांगता सांगता ती एका जागी अडकली.

"सासूबाई म्हणाल्या, संध्याकाळी ताक पाजलंस म्हणून झालं."

"ताकानं क्रुप होत नाही ओ. व्हायरसनं होतो, जास्त करून पॅराइन्फ्लुएन्झा. त्या वयात स्वरयंत्राखालची नळी इतकी अरुंद असते की जरा सूज आली तरी श्वास घरघरतो."

"म्हणजे माझ्यामुळं न्हाई?"

"न्हाई. उलट तुम्ही वेळेत नेलंत."

ती बराच वेळ रडली. माझं ठाम मत आहे, लेकराच्या आजाराची भीती अशी वर्षानुवर्षं घरात मुक्काम ठोकते तेव्हा तिच्याखाली बहुतेक वेळा दोष दडलेला असतो, आणि तो घरातल्याच कुणीतरी दिलेला असतो, मग तो घरातच उतरवावा लागतो, नुसते रिपोर्ट दाखवून भागत नाही. म्हणून पुढच्या वेळी सासूबाईंनाच बोलावलं. त्या सुनेचा हात धरून म्हणाल्या, "घाबरल्यावर तोंडातनं गेलं गं, तू मनात धरून बसशील असं वाटलं न्हवतं." माझ्या कामात अशा वाक्याची मी वाट बघत असते.

आता तुमच्यासाठी. एकदा-दोनदा झालेल्या साध्या क्रुपनं फुफ्फुसं खराब होत नाहीत, तो वरच्या श्वासमार्गाचा आजार आहे, वय वाढतं तशी नळी रुंद होते आणि ६ वर्षांनंतर तो क्वचितच दिसतो. पण परत परत होत असेल, छातीत शिट्टी वाजत असेल, पळल्यावर किंवा रात्री खोकला येत असेल, घरात दमा-ॲलर्जी असेल तर पुढं दम्याची शक्यता वाढते, तेव्हा नीट तपासून घ्या. साधारण ५-६ वर्षांच्या पोराला मशीनमध्ये फुंकून करायची स्पायरोमेट्री जमते. आणि दमा निघाला तरी नीट औषध घेऊन पोरं खेळतात, घरात कोंडू नका. क्रुपमध्ये पोरगं शांत असतानाही श्वासाचा आवाज येतोय, बरगड्यांची जागा आत ओढली जातेय, लाळ गळतेय, ओठ निळसर दिसतायत, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

धुराचंही बघा. या घरात वडील बाथरूममध्ये सिगारेट ओढायचे, पोरानंच सांगितलं. मी त्यांना तोंडावर म्हटलं, याच्या छातीची एवढी काळजी आहे ना, मग कानटोपी काढा आणि सिगारेट बंद करा.