मेंदूच्या अभ्यासाला निघालेल्या मुलीला

बाय, पीएचडीचा विषय ठरवण्याआधी सहा महिने गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या वॉर्डात बस. दुचाकीवरून पडलेला मुलगा ग्लासगो कोमा स्केलवर १५ पैकी १५ गुण मिळवून घरी जातो, आणि महिन्याभराने आई सांगते, "हा पूर्वीचा राहिलाच नाही, एवढ्यातेवढ्यावरून भडकतो." ती मोजपट्टी १९७४ची, रुग्ण किती शुद्धीवर आहे हे मोजण्यासाठी, कपाळामागच्या भागाला बसलेला मार तिच्यात दिसत नाही. तुझं संशोधन तिथून सुरू होतं. चाचणी रुग्णाच्या घरच्या बोलीत घे, कोंकणी असो की मराठी. इंग्रजी शब्दांच्या यादीने स्मरणशक्तीऐवजी शाळाच मोजली जाते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून रुग्णांवर उपचार करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवीच. आणि त्या आईला विचार, तुम्हाला झोप लागते का? मला हे विचारायचं फार उशिरा सुचलं.