सिगारेटच्या व्यसनाचं जनुक एका अभ्यासात मोठं ठरतं, दुसऱ्यात नगण्य. असं कसं?

बऱ्याचदा जनुक तेच असतं, मोजपट्टी बदललेली असते.

मी काही वर्षं आरोग्य सर्वेक्षणांची आकडेमोड केली आहे. ‘दिवसाला किती सिगारेटी?’ या रकान्यात ५, १०, १०, २०, २० असंच यायचं. ७ किंवा १३ सांगणारा विरळाच. माणूस पाकिटाच्या हिशेबात बोलतो. त्यात आपल्याकडे टपरीवर सुटी घ्यायची आणि कटिंगबरोबर दोघांत एक ओढायची. ती अर्धी धरायची की एक?

आता १५व्या गुणसूत्रावरचं सीएचआरएनए५ घ्या. निकोटिन मेंदूत जिथे चिकटतं, त्या ग्राहीचा एक भाग या जनुकामुळे बनतो. २००८ साली गुणसूत्रावरची ही जागा गाजली. पण सिगारेटी मोजल्या तर यातल्या बदलाच्या एका प्रतीमागे (आई-वडिलांकडून एकेक, अशा जास्तीत जास्त दोन) फरक पडतो दिवसाला जेमतेम एका सिगारेटचा. त्याऐवजी रक्तातलं कोटिनिन (निकोटिन मोडल्यावर उरतं ते) मोजलं, तेव्हा २०१२च्या एका अभ्यासात माणसामाणसांतल्या फरकात याच जागेचा वाटा सुमारे चौपट दिसला. साहजिक आहे. दोघंही १० ओढतात, पण एक खोल झुरके घेत फिल्टरपर्यंत जातो, दुसरा अर्धी विझवतो.

म्हणून कोटिनिन सोवळं, असंही नाही. निकोटिन आणि कोटिनिन दोन्ही मोडण्याचं काम यकृतातलं सीवायपी२ए६ हे विकर (एन्झाइम) करतं. ते ज्याचं संथ, त्याच्या रक्तात कोटिनिन जास्त वेळ रेंगाळतं. शोधायला गेलात व्यसन, हाती आलं यकृत!

राहिली फागरस्ट्रॉम चाचणी, म्हणजे निकोटिनचं व्यसन किती ते मोजणारी प्रश्नावली: १९९१ची, सहा प्रश्न, ० ते १० गुण; गुण जास्त तितकं व्यसन जास्त. त्यात मला सगळ्यात कामाचा वाटतो तो प्रश्न म्हणजे उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात. ५ मिनिटांच्या आत असेल तर पूर्ण ३ गुण. रात्रभर निकोटिन उतरलेलं असतं, तेव्हा तलफ खरी कळते. पण घरात वडीलधारे असले की गडी आंघोळ-चहा उरकून कोपऱ्यावर जाईपर्यंत तास होतो, आणि गुण घसरतात. सकाळी उठल्या उठल्या मिश्री लावणाऱ्या आजीला तर ही प्रश्नावली विचारताच येत नाही. तिच्यासाठी वेगळी लागते.

आणखी एक गोम आहे. ज्याने आयुष्यात सिगारेट शिवलीच नाही, त्याला कित्येकदा ‘व्यसन नाही’ या गटात टाकतात. त्याच्या अंगात जनुकातला तो बदल असेलही, पण त्याला कधी संधीच मिळालेली नसते. म्हणून दोन अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नसले, तर त्यांत तुलनेला कोण घेतलं होतं, ते आधी बघा.