ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडून बघा

प्रश्न : मी धनकवडीत राहतो, शेवटच्या वर्षाला आहे. माझ्याकडे रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय आणि जुनं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे. मॉनिटर १०८०पी रिझोल्यूशनचा, १४४ हर्ट्झ, पुढेमागे त्याहून बारीक चित्राचा १४४०पी घेईन म्हणतोय. दुकानदार म्हणतो डोळे झाकून आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी घे, मित्र म्हणतो आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी घे. दोन्ही मला साधारण एकाच भावात मिळतायत. रोज व्हॅलोरंट असतंच, पण सायबरपंक आणि हॉगवर्ट्स लेगसी नीट खेळायचेत. घरून पैसे एकदाच मिळणार, चार-पाच वर्षं चाललं पाहिजे. काय घेऊ?

उत्तर : ९०६० एक्सटी, १६ जीबीवालं घे. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण तू परत दुकानात गेलास की तो तुला परत फिरवणार आणि तेव्हा तुझ्याकडे बोलायला काहीतरी पाहिजे.

आधी हे बघ की दुकानदार तुला काय विकतोय. आरटीएक्स ही एनव्हिडियाची कार्डं, आरएक्स एएमडीची, आणि ८ किंवा १६ जीबी म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. ५०६० टीआय हे एप्रिल २०२५ मध्ये आलं तेच दोन प्रकारांत, ८ जीबी आणि १६ जीबी, अमेरिकेत किंमत होती ३७९ आणि ४२९ डॉलर. ९०६० एक्सटी जून २०२५ मध्ये आलं, तेही दोन प्रकारांत, २९९ आणि ३४९ डॉलर. म्हणजे तुझ्यासमोर ठेवलेत ते एनव्हिडियाचा धाकटा आणि एएमडीचा थोरला, आणि भाव सारखा वाटतो तो त्यामुळेच. खोक्यावर नाव मोठ्या अक्षरात असतं आणि जीबी कुठेतरी कोपऱ्यात, त्यात यूट्यूबवर बघितलेले बेंचमार्क, म्हणजे वेगाच्या चाचण्या, बऱ्याचदा १६ जीबीचे असतात आणि हातात पडतं ८ जीबीचं. एकाच नावाखाली दोन वेगळ्या लायकीची कार्डं विकणं हा मला तरी चक्क खोडसाळपणा वाटतो, आणि दोन्ही कंपन्यांनी तो केलाय, त्यामुळे त्यात कुणाची बाजू घेण्यात अर्थ नाही.

आता ८ जीबीने नक्की काय बिघडतं? व्हॅलोरंटमध्ये काहीच नाही, त्याला तर तुझं १६५० पण पुरतं. गंमत मोठ्या गेममध्ये सुरू होते. हॉगवर्ट्स लेगसी २०२३ साली आला तेव्हाच ८ जीबीच्या कार्डांवर टेक्श्चर (भिंती-जमिनीवर चढवलेली चित्रं) उशिरा लोड होणं, भिंती मातीच्या गोळ्यासारख्या दिसणं हे सगळं लोकांनी बघितलंय, आणि आता तर १०८०पी ला अल्ट्रा सेटिंग आणि त्यावर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढणं) लावलं की कित्येक गेम ८ जीबी ओलांडतात. मेमरी पुरत असेल तोवर ५०६० टीआय थोडंसं पुढेच पळतं हे खरंय, पण ती भरली की कार्ड जे मावत नाही ते तुझ्या साध्या रॅममध्ये टाकतं आणि लागेल तसं परत ओढतं, आणि हे सगळं येणं-जाणं होतं मदरबोर्डच्या स्लॉटमधून. सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, कागदावर बरा दिसतो पण मान वळवली की गेम अडकतो, परत वळवली परत अडकतो, डोकं फिरतं नुसतं.

आणि इथे तुझा बी४५० येतो, जो दुकानदाराने विचारलाच नसणार. बी४५० चा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि बोर्डमधला डेटाचा रस्ता) तिसऱ्या पिढीचा आहे, प्रोसेसर चौथी चालवू शकतो तरी बोर्ड नाही चालवत. ५०६० टीआय दिसायला पूर्ण लांबीचं असलं तरी ते वापरतं त्या रस्त्याच्या ८ च लेन, ९०६० एक्सटी मात्र १६ लेन वापरतं. नवीन बोर्डवर हा फरक फारसा जाणवत नाही. तुझ्या बोर्डवर ८ लेन म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी, १६ लेन म्हणजे १६ जीबी. ५०६० टीआयची स्वतःची जीडीडीआर७ मेमरी सेकंदाला ४४८ जीबी डेटा देते, ९०६० एक्सटीची जीडीडीआर६ असल्याने ३२० च्या आसपास देते, म्हणजे स्पेकशीटवर एनव्हिडिया जिंकला. पण ४४८ वरून एकदम ८ वर आपटायचं म्हणजे हायवेवरून सुसाट येऊन खोदून ठेवलेल्या सिंहगड रोडवर अडकण्यासारखं आहे. म्हणजे मेमरी कमी आणि ती भरल्यावरचा रस्ता पण अर्धा, असं दोन्ही बाजूंनी नुकसान एकाच कार्डात, आणि ते नेमकं तुझ्यासारख्या जुन्या बोर्डवाल्यालाच जास्त बसतं.

एनव्हिडियाची बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणशील दादा एएमडीवाला आहे. डीएलएसएस, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करण्याची एनव्हिडियाची सोय, खूप जास्त गेममध्ये आहे आणि दिसतं पण छान, एएमडीचं तसंच एफएसआर ४ दर्जाला बरंच जवळ आलंय पण ते मिळणारे गेम कमी आहेत, घेण्याआधी तुझ्या आवडीच्या गेमची यादी एकदा तपासून घे. रे ट्रेसिंगमध्ये, त्यातही सायबरपंकच्या पाथ ट्रेसिंगमध्ये (रे ट्रेसिंगचाच जास्त जड प्रकार), ५०६० टीआय सरळ पुढे आहे, पण त्याच पाथ ट्रेसिंगला मेमरी भरपूर लागते त्यामुळे ८ जीबीवाल्याच्या बाबतीत हा फायदा हातात येतायेताच निसटतो. आणि ती मल्टी फ्रेम जनरेशनची जाहिरात, कार्डाने मधले फ्रेम स्वतः बनवून एकाचे चार करायचे वगैरे, ती तुझा मूळ एफपीएस ५०-६० असेल तरच कामाची, ३० चे १२० केले तर चित्र गुळगुळीत दिसतं पण माऊस हलवल्यावर सगळं जड जड लागतं. बजेट ताणून १६ जीबी ५०६० टीआय जमत असेल तर ते कार्ड उत्तमच आहे, वाद नाही. पण तेवढा जास्तीचा पैसा मी तुझ्या जागी १४४०पी मॉनिटरसाठी बाजूला ठेवला असता.

पॉवर सप्लाय बदलायची गरज नाही. ९०६० एक्सटी १६ जीबी १६० वॉट खातं आणि एएमडी ४५० वॉटचा सप्लाय पुरे म्हणते, तुझा ५५० चा आहे, फक्त तो कॅबिनेटसोबत फुकट मिळालेला बिननावाचा नसावा. तीन फॅनवालं मॉडेल घेणार असशील तर कॅबिनेटमध्ये टेप लावून लांबी मोज, काही मॉडेल ३० सेंटिमीटरच्या आसपास जातात. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशी गाठतोच, त्यामुळे पुढून नुसती काच असलेलं कॅबिनेट असेल तर आधी त्यात हवेची सोय कर.

कार्ड बसवल्यावर बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करायला विसरू नकोस, बी४५० च्या बऱ्याच बोर्डना ते बायोस अपडेटनंतरच मिळतं आणि जोडीला सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करावं लागतं. जुने एनव्हिडियाचे ड्रायव्हर पूर्ण काढून मग एएमडीचे टाक. आणि बिल जीएसटीचं पक्कं घे, त्यावर सीरियल नंबर लिहून घे, १८ टक्के वाचवायला कच्ची पावती घेणारे वॉरंटीच्या वेळी दुकानाच्या पायऱ्या झिजवतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला हजार-दोन हजार स्वस्त मिळतं म्हणून डेक्कन क्वीन पकडणाऱ्यांनी पण हाच हिशोब करावा, कार्ड बिघडलं तर परत तिथेच जायचंय.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर ब्रँच. तो म्हणतो एआयच्या अभ्यासाला एनव्हिडियाचंच कार्ड लागतं, गेमसाठी नकोय. हे खरं आहे का? मला यातलं काही कळत नाही. (कोथरूड)

उत्तर : ताई, तो खोटं बोलत नाहीये, फक्त दोन वर्षं आधी बोलतोय. एनव्हिडियाची कार्डावर गणितं चालवायची कूडा नावाची प्रणाली २००७ पासून आहे आणि मशीन लर्निंगचं बहुतेक शिकवणं, उदाहरणं, सॉफ्टवेअर हे तिच्यावरच उभं राहिलंय, त्यामुळे वरच्या उत्तरातल्या मुलाला मी एएमडी घे म्हटलं तरी इथे तसं म्हणणार नाही. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी चित्र रेंडर करायचं असेल तरी एनव्हिडियाच बरं पडतं. पण पहिल्या वर्षात गणित, भौतिकशास्त्र, सी प्रोग्रॅमिंग, यातल्या कशालाच ग्राफिक्स कार्ड लागत नाही. खरंच हौस असेल तर गूगल कोलॅब या वेबसाइटवर मर्यादित वेळ का होईना फुकट कार्ड वापरायला मिळतं, त्यावर एखादा छोटा प्रोजेक्ट करून दाखव म्हणा. केला तर ५०६० टीआय घ्या, पण १६ जीबीचंच, कारण या कामात मॉडेल मेमरीत मावलं तर चालतं आणि नाही मावलं तर बऱ्याचदा चालतच नाही. त्यावर तो गेम पण खेळणार हे गृहीत धरा आणि त्यावरून घरात भांडण नको.

प्रश्न : आरटीएक्स ४०६० टीआय कार्ड आणि आय५ १२४००एफ प्रोसेसर आहे. गुरुवारी लाईट गेली की ६०० व्हीएचा यूपीएस बीप करतो आणि दोन सेकंदात पीसी बंद. साधं काम करताना असं होत नाही, फक्त गेम चालू असताना. यूपीएस खराब झालाय का? (धायरी)

उत्तर : बहुतेक नाही, त्याला झेपत नाहीये. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. तुमचं कार्ड १६०, प्रोसेसर ताणला तर ११७ पर्यंत, मॉनिटर आणि बाकीचं धरून गेममध्ये तुम्ही त्या मर्यादेला टेकता, आणि कार्ड क्षणभर १६० च्या वर पण उसळतं. बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर अजून लवकर मान टाकणार. १०००-११०० व्हीएचा घ्या, जमलं तर साइन वेव्हचा (घरच्या लाईटसारखी गुळगुळीत वीज देणारा), कारण काही चांगले पॉवर सप्लाय स्वस्त यूपीएसच्या स्क्वेअर वेव्हवर रुसतात. घरी इन्व्हर्टर असेल आणि त्याला यूपीएस मोडचं बटण असेल तर ते आधी करून बघा, फुकटात काम होऊन जाईल. तोवर गुरुवारी गेमला ६० एफपीएसची कॅप लावा आणि यूपीएसवर प्रिंटर वगैरे काही जोडला असेल तर तो काढून टाका.